आठवा नंबर

"नाव नंतर सांगा. आधी होतंय काय ते सांगा."

आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि नंबरबाईंचं हे वाक्य सातव्यांदा बोलून झालं होतं. फोनच्या त्या टोकाला कुणीतरी घसा खाकरला.

"नाही, म्हणजे तसं विशेष काही नाही…"

"विशेष नाही तर सकाळी सकाळी फोन कशाला केलात? बोला लवकर. ताप आहे?"

"ताप नाही. पाय सुजलाय."

"एक की दोन्ही?"

"एकच. डावा."

"हात लावून बघा. गरम लागतो?"

पलीकडचा माणूस खाली वाकला असावा, कारण रिसीव्हर कशावर तरी दाणकन आपटला. मग आवाज आला, "लागतो हो गरम."

"पावणेदहाला या. तिसरा नंबर. एकटे या, मास्क लावून या, आणि आल्यावर बेल बडवू नका, मला काचेतून दिसता तुम्ही. आता सांगा नाव."

तर अशा या नंबरबाई. सव्वीस वर्षं एकाच दवाखान्यात, एकाच टेबलाशी बसून त्यांनी लोकांना नंबर दिले. त्यांचं खरं नाव डॉक्टरांनाही एकदा फॉर्म भरताना विचारावं लागलं होतं. लग्न झालं नाही. आई अंथरुणाला खिळली, तिचं करता करता वय निघून गेलं. आता भाऊ-वहिनीकडे एक खोली होती आणि इथे हे टेबल. दोन्हींपैकी घर कुठलं असं कुणी विचारलं असतं तर बाईंना उत्तर द्यायला वेळ लागला असता.

वैद्यकातलं मला ओ की ठो कळत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. पण माणूस दारातून आत येताना चौकटीला हात टेकतो का, बाकावर बसतो की बाकावर पडतो, हे त्या बरोबर बघायच्या. चौदा नंबरचा पितळी बिल्ला हातात घेतलेल्या माणसाला त्यांनी गुपचूप चौथ्याच्या आधी आत सोडलं, आणि तो खरोखरच हृदयाचा निघाला, असं किती वेळा झालं असेल. डॉक्टर म्हणायचे, "निम्मी तपासणी बाई दारातच उरकतात."

मग साथ आली. डॉक्टर सत्तरीला टेकलेले, त्यात जुना दमा. त्यांनी नियम केला: दिवसाला आठच माणसं आत, बाकीच्यांशी दुपारी फोनवर बोलायचं. आठ माणसं! पूर्वी आठ माणसं दार उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली असायची, राजकारणावर भांडत. आता बाक भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, पितळी बिल्ले डब्यात गेले होते, आणि सकाळी आठ वाजता सगळं गाव एकाच फोनवर तुटून पडत होतं. आठांत कोण, ते बाईंनी ठरवायचं, आणि तेही नुसत्या आवाजावरून. डोळे बांधून भाजी निवडायला बसवल्यासारखं झालं होतं त्यांना. ज्याला आत बोलवायचं त्याचा नंबर वहीत चढायचा. ज्याला नाही त्याच्यापुढे 'थां.' लिहायचं. थांबू शकतो. वहीची पानं 'थां.'नी भरून गेली होती.

एक गोष्ट मात्र बाईंनी डॉक्टरांना न विचारता स्वतःच ठरवली होती. फोनवर त्या सातच नंबर द्यायच्या. आठवा राखून ठेवायच्या. न जाणो, कुणीतरी फोन न लागल्यामुळे तसाच दारात येऊन उभा राहील. साडेअकरापर्यंत कुणी आलं नाही तर त्या वीस मिनिटांत डॉक्टर खिडकीशी उभे राहून एक सफरचंद खायचे, एवढंच.

त्या सोमवारी नऊला दहा कमी असताना फोन उचलला आणि बाईंचा आवाज आपोआप मऊ झाला.

"लागला एकदाचा! एकेचाळिसाव्या वेळी लागला, बाई."

"अहो, मोजत काय बसता?"

"दुसरं काय काम आहे? दुकान बंद. लोक घरात बसलेत, घरात कपडे फाटत नाहीत."

हे रफूकाका. कोपऱ्यावरच्या कपाटाएवढ्या दुकानात बसून कपड्यांना रफू करायचे. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढायचे आणि भोकावर असे विणायचे की भोक होतं की नव्हतं असा प्रश्न पडावा. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी दूर. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रक्तदाब तपासायला यायचे आणि पहिल्या नंबरात आत जायची सोय असली तरी शेवटचा बिल्ला मागून घ्यायचे. सगळा दवाखाना त्यांना रफूकाका म्हणायचा. बाई म्हणायच्या नाहीत. वयात सहा वर्षांचं अंतर, काका काय म्हणायचं? नावानं हाक मारणं तर शक्यच नव्हतं. म्हणून त्या "अहो, तुमचा नंबर आला" एवढ्यावर भागवायच्या. एकदा वहिनी दवाखान्यात आली असताना तिच्या कानावर हे 'अहो' पडलं. घरी गेल्यावर ती म्हणाली, "वन्सं, आम्ही ज्यांना अहो म्हणतो ते घरी येऊन जेवतात तरी." बाई आठ दिवस तिच्याशी नीट बोलल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी बाईंचा निळा लोकरी कोट दाराच्या खिळ्याला अडकून टरकला. रफूकाकांनी नेला, पुढच्या मंगळवारी आणला आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "शोधून दाखवा." बाईंनी उजेडात धरला, उलटा केला, बोटं फिरवली. सापडला नाही. तेव्हापासून तो खेळच झाला. दर महिन्याला रफूकाका विचारायचे, "सापडलं का?" आणि बाई म्हणायच्या, "नाही हो, कुठे लपवलाय कुणास ठाऊक." घरीसुद्धा कधीकधी खोलीचं दार लोटून त्या कोट मांडीवर घ्यायच्या आणि शोधत बसायच्या. ज्या जागेवर त्या माणसाचा हात तास-दोन तास फिरला होता ती जागा त्यांना एकदा बोटाखाली हवी होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात?

साथीमुळे पहिला मंगळवार बंद झाला. रक्तदाबाच्या गोळ्या फोनवर मिळू लागल्या. पण रफूकाका रोज फोन करू लागले.

"बोला, होतंय काय?" त्या सोमवारी बाईंनी विचारलं.

"विशेष काही नाही. इकडे चिलटं फार झालीत हो."

"मग खिडकीला जाळी लावा. फळं उघडी ठेवली असतील."

"फळं कुठली आणायला? पण सारखी डोळ्यापुढे येतात. हाकलली तरी परत हजर."

"चिलटांनाही करमत नसेल तुमच्याशिवाय."

रफूकाका हसले. बाईही हसल्या. पलीकडे लाइनीवर किती लोक ताटकळत होते ते बाईंना माहीत होतं, तरी त्या हसल्या.

"एखादा नंबर आहे का मग?" त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

वहीत सात नंबर भरले होते. आठवी ओळ कोरी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. दुखत काहीच नाही, ताप नाही, आणि आपला माणूस म्हणून पुढे काढायचा? सव्वीस वर्षांत त्यांनी सख्ख्या भावालाही रांगेतून पुढे काढलं नव्हतं. हे एक कारण झालं. दुसरं कारण बाईंना तेव्हाही ठाऊक होतं, पण त्याच्याकडे त्यांनी काणाडोळा केला. नंबर दिला की माणूस येणार, काचेआडून दहा मिनिटं दिसणार आणि जाणार. नंबर नाही दिला तर उद्या फोन येणार.

"आज नाहीये हो," बाई म्हणाल्या. "उद्या करा."

"करतो की," रफूकाका म्हणाले, आणि आवाजावरून तरी ते खूश वाटले. साडेअकराला डॉक्टरांनी सफरचंद खाल्लं.

मंगळवारी फोन आला तो साडेनवाला. "बाई, काल संध्याकाळी तुमच्याकडे वीज चमकली का हो?"

"नाही बाई. आभाळ तर अगदी स्वच्छ होतं."

"आमच्याकडे चमकत होती. डाव्या बाजूला. सारखी आपली चिडिक चिडिक."

"मग पाऊस येतोय तुमच्या बाजूनं. कपडे आत घ्या."

"एकट्याचे असून असून किती कपडे?" रफूकाका म्हणाले. मग पावसावर बोलणं झालं, मुलीच्या फोनवर झालं, कोटावर झालं. "सापडलं का?" "नाही सापडलं." नंबरचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. बाईंनी वहीत त्यांच्यापुढे 'थां.' लिहिलं आणि पुढचा फोन उचलला.

बुधवारी फोन आला नाही.

नऊ वाजले, साडेनऊ झाले. प्रत्येक वेळी रिसीव्हर उचलताना बाईंचा जीव वर यायचा आणि पलीकडे दुसऱ्याच कुणाचा तरी खोकला निघायचा. एका आजीबाईंवर त्या उगाच खेकसल्या आणि मग त्यांनाच पाचवा नंबर देऊन मोकळ्या झाल्या. दुपारी जुनी वही काढून रफूकाकांचा फोन नंबर शोधला. रिसीव्हर उचलला. पण सांगायचं काय? दवाखान्यातून फोन करून एका बाईनं विचारायचं की आज तुम्ही फोन का केला नाहीत? रुसले असतील, त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि रिसीव्हर ठेवून दिला. संध्याकाळी घरी जाताना मुद्दाम वळसा घेऊन त्या कोपऱ्यावरून गेल्या. दुकानाचं फळकूट बंदच होतं. वर त्यांच्या खिडकीत दिवा होता. दिवा आहे म्हणजे माणूस ठीक आहे, असं म्हणून बाई घरी गेल्या.

गुरुवारी आठ वाजून वीस मिनिटांनी फोन लागला.

"बाई, नंबर नको. एकच विचारायचं होतं."

"काल कुठे होतात?"

"काल त्र्याण्णव वेळा केला. तुमचा लागत नव्हता. मग सोडून दिला. बाई, माझ्या डाव्या बाजूला पडदा ओढल्यासारखं दिसतंय. मी ओढलेला नाही. आणि मान वळवली की तोही वळतो."

बाईंच्या हातातलं पेन वहीवर टेकलं ते तिथेच राहिलं.

"उजवा डोळा हातानं झाका," त्या म्हणाल्या. "आता काय दिसतं?"

"खालचं थोडंसं. बाकी काळं."

"आणि… चिलटं?"

"ती आहेत की. बाहेर नाहीत ती, बाई. डोळ्यातच आहेत. सोमवारपासून."

"मग सोमवारी सांगायचं नाही का मला!"

"सांगितलं की," रफूकाका म्हणाले.

सोमवारी ते समोर असते, तर हा माणूस हवेतच कुठेतरी हात हलवतोय आणि तिथे तर काहीच नाही, हे बाईंना दारातच दिसलं असतं.

"आत्ता निघा," त्या म्हणाल्या. "शेजारच्या कुणाला तरी सोबत घ्या."

"कितवा नंबर?"

"खड्ड्यात गेला नंबर! निघा म्हणते ना मी!"

ते आले तेव्हा पहिल्या नंबरचा माणूस पायरीवर उभा होता. बाईंनी त्याला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. साडेचार महिन्यांनी त्या रफूकाकांना बघत होत्या. या भेटीचं चित्र त्यांनी मनात किती वेळा रंगवलं होतं. त्यात बिल्ले परत बाहेर आलेले असायचे, बाक सरळ केलेला असायचा. आणि आता मास्कच्या वर केस वाढलेले, शर्टाचं एक बटण चुकलेलं, आणि चौकट शोधत असलेला डावा हात. ज्या हाताला एक धागा कधी चुकला नाही तो हात चौकट चुकला आणि हवेतून फिरून परत आला. बाईंनी नियम मोडला. टेबलामागून उठून त्यांनी तो हात धरला आणि आत नेला. हातमोज्यातून धरलेला असला तरी धरला.

डॉक्टरांनी डोळ्यात दिवा धरून पाहिलं. फार वेळ पाहिलं नाही. डोळ्यांच्या इस्पितळात स्वतः फोन लावला. तिथेही दारं बंद, तिथेही नंबर, तिथेही उद्या करा. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी फोनवर ओरडले. शुक्रवारी ऑपरेशन झालं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता; तो परत बसवला, पण बसला तो अर्धवट. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळणार होतं.

"दोन-तीन दिवस आधी आले असते तर…" डॉक्टर पुढच्या आठवड्यात कागद बघताना म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी पुढचा कागद घेतला. त्यांना काही माहीत नव्हतं. बाईंच्या वहीत सोमवारच्या पानावर आठवी ओळ कोरी होती, ती फक्त बाईंना दिसत होती.

त्या दिवसापासून बाई रफूकाकांना स्वतःहून फोन करू लागल्या. औषध घातलं का, मुलगी कधी येतेय. ते नेहमीसारखे बोलायचे, उलट बाईंनाच धीर द्यायचे. कोटाचं मात्र दोघांनीही नाव काढलं नाही.

साथ ओसरली. भिंतीकडे तोंड केलेला बाक सरळ झाला, पण त्यावर एकाआड एक जागेवर फुल्या मारलेल्या. बिल्ले साबणाच्या पाण्यात बुडवून परत बाहेर आले. पहिल्या मंगळवारी रफूकाका आले, नेहमीसारखा शेवटचा बिल्ला मागितला आणि टेबलाजवळच्या टोकाला बसले. बाकीचे एकेक करून आत जाऊन आले. बाक रिकामा झाला.

बाईंनी वही मिटली. हे वाक्य त्यांनी घरी भिंतीसमोर उभं राहून कितीतरी वेळा म्हणून पाहिलं होतं.

"सोमवारी आठवा नंबर रिकामा होता," त्या म्हणाल्या.

रफूकाकांनी तोंड फिरवलं. आता चांगला डोळा समोर आणायचा तर त्यांना पूर्ण वळावं लागायचं.

"मी दिला नाही तुम्हाला. रांग मोडायची नाही, असं मी मनाला सांगितलं. पण ते तेवढंच नव्हतं. दिला असता तर मंगळवारी तुमचा फोन आला नसता. म्हणून नाही दिला. अख्खा डोळा गेला तुमचा, माझ्या एका फोनपायी."

आतल्या खोलीत डॉक्टर हात धूत होते. पाण्याचा आवाज बंद झाला.

"मी चिलटं म्हणालो," रफूकाका म्हणाले. "डोळा म्हणालो नाही."

"तुम्हाला कळलं नसेल."

"अर्धंमुर्धं कळलं होतं की. आयुष्यभर डोळ्यावर पोट भरलं, बाई. माझ्या डोळ्यात काहीतरी आलंय हे मला कळणार नाही होय? पण डोळा म्हटलं असतं तर तुम्ही ताबडतोब बोलावलं असतं. डॉक्टरांनी थेंब दिले असते, काम झालं असतं. मग दुसऱ्या दिवशी कुठल्या निमित्तानं फोन लावायचा होता मी?" त्यांनी बिल्ला या हातातून त्या हातात घेतला. "इतकं महागात पडेल असं मात्र वाटलं नव्हतं."

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. सव्वीस वर्षांत त्या टेबलाशी रडणाऱ्यांना त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला होता. आज तो रफूकाकांनी चाचपत उचलून त्यांच्यापुढे सरकवला. थोडं सांडलं.

"कोपर गेलंय," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"कोटाचं. उजवं कोपर. दिसतंय मला, एवढं काही आंधळा झालो नाही."

बाईंनी हात वर करून पाहिलं. वर्षभर टेबलावर कोपर टेकून फोन कानाला लावला होता. तिथलं कापड विरून जाळी झाली होती.

"फोननं खाल्लं ते," बाई म्हणाल्या. "राहू दे. आता कशाला?"

"द्या इकडे."

"अहो, पण…"

"द्या म्हणतो ना मी."

बाईंनी कोट काढून दिला. त्यांनी घडी केली, काखेत मारला, आणि आतून डॉक्टरांची हाक आली तसे उठले. या वेळी चौकटीला हात बरोबर टेकला.

एक मंगळवार गेला, कोट आला नाही. पुढच्या महिन्यात आला. रफूकाकांनी तो टेबलावर ठेवला, बाह्या नीट केल्या.

"शोधून दाखवा," ते म्हणाले.

बाईंना शोधावं लागलंच नाही. बाहीवरून अंगठा फिरवल्याबरोबर कोपराशी तो अडखळला. धागे दाट झाले होते, एका बाजूला जरासे तिरपे गेले होते, मध्ये एक बारीकशी वळी उठली होती. बाईंचा अंगठा तिच्यावरच थांबला. सापडत नाही असं म्हणणं अगदी सोपं होतं. रफूकाका पूर्ण वळून, चांगला डोळा त्यांच्यावर लावून उभे होते.

"सापडलं," बाई म्हणाल्या.

"हो ना?" त्यांनी मान हलवली. "तिरका गेलाय. डावीकडचं आता अंदाजानंच. उसवून परत करून देऊ का? वेळ लागेल थोडा."

"हात लावायचा नाही त्याला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोट अंगात घातला.

फोन वाजला. बाईंनी डाव्या हातानं रिसीव्हर उचलला, कारण उजवं कोपर त्यांना आता टेबलावर टेकवायचं नव्हतं. रफूकाका शेवटचा बिल्ला घेऊन बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

"बोला, होतंय काय?"

"नाही, म्हणजे तसं विशेष काही नाही…" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"मग ते विशेष नसलेलंच आधी सांगा," बाई म्हणाल्या. "सावकाश सांगा. मी ऐकतेय."

त्या ऐकत राहिल्या. रिसीव्हर त्यांनी खांद्यानं कानाशी दाबून धरला होता, आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताचा अंगठा उजव्या कोपरावरच्या त्या वळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होता.